चांगलंच होईल, असं ज्यू धर्म सांगतो का?

ज्यू धर्म आशावादी आहे, हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की ते तपासायचं राहूनच जातं. आधुनिक ज्यू विचारवंत वाचताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: चांगलं कुणाचं होणार, कधी होणार आणि ते घडवणार कोण? उत्तरं माणसागणिक बदलतात. ती न पाहता सगळ्यांची वचनं एका माळेत ओवली, की कुणाचंच म्हणणं धड हाती लागत नाही.

१८८५ साली अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, पिट्सबर्गमध्ये आठ कलमांचा जाहीरनामा काढला. त्यातलं पाचवं कलम म्हणतं की आजच्या युगात बुद्धी आणि हृदयाची संस्कृती जगभर पसरते आहे आणि मसीहाच्या युगाची, म्हणजे जगात सत्य, न्याय आणि शांती नांदण्याच्या काळाची, आशा पूर्ण होण्याची वेळ जवळ येते आहे. पॅलेस्टाइनला परत जाण्याची अपेक्षा त्यांनी त्याच कलमात सोडून दिली. ‘कधी’चं उत्तर इथे जवळजवळ देऊन टाकलेलं आहे आणि नेमकी तीच या आशेची कच्ची बाजू. सगळी भिस्त चालू काळावर ठेवली, की काळ फिरल्यावर हातात काही उरत नाही.

जर्मन ज्यू तत्त्वज्ञ हर्मान कोहेन (१८४२–१९१८) यांनी ही अडचण ओळखली होती. त्यांच्या मांडणीत मसीहाचं युग हे कायम पुढेच असणारं ध्येय आहे. त्याच्याकडे चालत राहायचं, ‘पोचलो’ म्हणायची सोय नाही. जर्मन रब्बी लिओ बेक यांनी १९०५ च्या आपल्या ग्रंथात आशावादाला सरळ नीतीत आणून बसवलं: जग चांगलं आहे की नाही याचं निरीक्षण करत बसू नका, चांगलं करण्याची आज्ञा तुम्हाला झालेली आहे. १९४३ च्या जानेवारीत नाझींनी त्यांना टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं. तिथून ते जिवंत परतले आणि पुढेही शिकवत राहिले. असल्या आशावादाला भविष्याच्या हमीची गरज नव्हती, म्हणून तो टिकला असं मला वाटतं.

याची मुळं जुनीच आहेत. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या एरुविन प्रकरणात शम्मई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या अनुयायांचा एक वाद आहे. माणूस निर्माण झाला हे बरं झालं, की झाला नसता तर बरं झालं असतं? अडीच वर्षं वाद चालला, शेवटी मत घेतलं गेलं आणि निकाल लागला की झाला नसता तर बरं झालं असतं. पण निकाल तिथे थांबत नाही: आता झालाच आहे, तर त्याने आपली कृत्यं तपासावीत. ज्यू धर्माला सरसकट आशावादी ठरवणारे लेखक हा उतारा सहसा गाळतात, हे मला खटकतं.

खरा कस लागतो तो ‘बिताखोन’वर, म्हणजे देवावरच्या भरवशावर. बिताखोन ठेवायचं म्हणजे मनात नेमकं काय धरायचं? खझोन ईश या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम कारेलिट्झ (१८७८–१९५३) म्हणतात, ‘माझं चांगलंच होईल’ असं मानणं म्हणजे बिताखोन नव्हे. भविष्य आपल्याला कळवलेलं नाही. जगात काहीही आपोआप घडत नाही, सगळं देवाच्या हातात आहे, एवढंच धरायचं. त्यांनी दिलेलं उदाहरण दुकानदाराचं आहे. हा गृहस्थ उठता-बसता देवावरच्या भरवशाची भाषा करतो. मग दुसरा कुणी तसंच दुकान टाकणार असल्याचं कळतं आणि त्याची झोप उडते, त्या माणसाला कसं अडवावं याचे बेत सुरू होतात. भरवसा फक्त ओठांवर होता हे तेव्हा उघडं पडतं. धंदा बुडणार नाही याची खात्री बाळगणं ही त्यांची परीक्षा नाहीच. शेजाऱ्याशी वागताना धर्मनियम मोडला का, ही परीक्षा आहे.

लुबाविच या ज्यू भक्तिपंथाचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन (१९०२–१९९४) यांचं म्हणणं याच्या नेमकं उलट. त्यांच्या परंपरेतलं वचन आहे: चांगला विचार कर, चांगलं होईल. त्यांच्या मते खरा भरवसा ठेवायला मनाला फार कष्ट पडतात आणि त्या कष्टांमुळेच डोळ्यांना दिसणारं, उघड चांगलं पदरात पडतं, माणूस एरवी त्याला पात्र नसला तरी. ही मांडणी धीर देते, पण ती हाताळताना जपावं लागतं. चांगलं झालं नाही तर ‘तुझाच भरवसा कमी पडला’ असा दोष दुःखितावर टाकणं फार सोपं होतं.

पोलंडमधल्या प्यासेच्नोचे रब्बी कालोनिमुस शापिरा यांनी वॉर्सात आणि पुढे तिथल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, १९३९ ते १९४२ या काळात प्रवचनं दिली. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात त्यांचा मुलगा बॉम्बहल्ल्यात गेला होता. १९४१ च्या हनुक्का या सणातल्या प्रवचनात ते म्हणाले, असले छळ आपल्या लोकांनी पूर्वीही सोसले आहेत, मग श्रद्धा का डळमळावी? नोव्हेंबर १९४२ मध्ये, घेट्टोतली बहुतेक माणसं मृत्यूच्या छावणीत नेली गेल्यावर, त्यांनी त्या मजकुराला टीप जोडली: हे तोवरच्या छळापुरतंच खरं होतं, त्यानंतर जे घडलं त्याला पूर्वीचा दाखला नाही. मूळ वाक्य त्यांनी खोडलं नाही, टीप खाली ठेवली. १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. हस्तलिखित जमिनीत पुरलेलं होतं, ते युद्धानंतर मिळालं आणि १९६० मध्ये छापलं गेलं. एखाद्या श्रद्धावंताने आपल्याच आश्वासनाची मर्यादा इतक्या स्वच्छपणे नोंदवलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नाझींनी केलेल्या या संहारानंतरचं बरंच लेखन ‘कोण घडवणार’ या प्रश्नाकडे वळलं. अमेरिकेतले रब्बी सोलोवेचिक यांनी १९५६ च्या भाषणात ‘हे का झालं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आता मी काय करू’ हा पुढे आणला. ब्रिटनमधले रब्बी जोनाथन सॅक्स यांनी परिस्थिती सुधारेल असं मानणारा आशावाद आणि आपण ती सुधारू शकतो असं मानणारी आशा यांत फरक केला. रब्बी अर्विंग ग्रीनबर्ग यांनी १९७४ मध्ये अधिक कडक अट घातली: नाझींच्या छावण्यांत जळणाऱ्या मुलांसमोर जे खरं वाटणार नाही, असं कोणतंही विधान करू नये.

ही अट नवी वाटते, पण तालमूदच्या बावा मेत्सिया प्रकरणात तिच्या जवळचा नियम आहे. आजारी माणसाशी, संकटात सापडलेल्याशी किंवा आपली मुलं पुरलेल्याशी ईयोबाच्या मित्रांसारखं बोलू नये. ईयोब म्हणजे बायबलमधला, निर्दोष असूनही संकटं सोसणारा माणूस. ‘निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का?’ असं त्या मित्रांनी ईयोबाला विचारलं होतं. तालमूदने हे बोलणं शब्दांनी केलेल्या छळात मोडलं आहे, आणि तो छळ पैशाच्या फसवणुकीहून गंभीर ठरवला आहे.