तासाभराचं ‘नाही’

पावणेदहाच्या सुमारास टीममधली सगळ्यात नवी मुलगी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून माझ्या जागेपाशी आली. "दादा, माझ्याकडे पायटॉर्च कंपाइल होतंय." पायटॉर्च म्हणजे मशीन लर्निंगची अवाढव्य लायब्ररी; ती तयार उतरायला हवी होती, पण तिच्याच लॅपटॉपवर बांधली जात होती. पंखा इतका कोकलत होता की सांगायची गरजच नव्हती.

पॅकेजेस बांधायला आणि बसवायला आम्ही निक्स वापरतो. पॅकेज कशापासून बनलं, म्हणजे सोर्स, कंपायलर, फ्लॅग, खालच्या लायब्रऱ्या, या सगळ्यातून ३२ अक्षरांचा एक हॅश निघतो. (त्या अक्षरमालेत ई, ओ, टी, यू ही इंग्रजी अक्षरं नाहीत. चुकून शिवी तयार होऊ नये म्हणून गाळलीत म्हणे!) त्या हॅशच्या नावाची नॅरइन्फो फाइल (पॅकेजची माहिती देणारी छोटी फाइल) कॅश सर्व्हरवर, म्हणजे तयार पॅकेजेसच्या साठ्यावर, आहे का, एवढंच निक्स विचारतं. असली तर तयार पॅकेज उतरवून घेतं. ४०४, म्हणजे ‘नाही’, आलं तर स्वतः बांधायला बसतं. कूडावालं (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर चालणारं) पायटॉर्च निक्सच्या अधिकृत कॅशवर मिळत नाही, कारण कूडा मुक्त लायसन्सचं नाही आणि असली पॅकेजेस तिथली बिल्ड यंत्रणा, हायड्रा, बांधत नाही. म्हणून आमची स्वतःची कॅश. रात्रभर बिल्ड मशीन राबतं, सकाळी सगळे आयतं उतरवतात. ही व्यवस्था मी उभी केली आहे आणि तिचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आदल्या रात्री आम्ही निक्सपॅकेजेसची (निक्सच्या पॅकेजेसच्या संग्रहाची) नवी आवृत्ती घेतली होती. त्यामुळे पायटॉर्च नव्याने बांधावं लागलं आणि ते साडेनऊला कुठे कॅशवर चढलं. मी तिच्याच लॅपटॉपवरून कर्ल मारून, म्हणजे ती फाइल सर्व्हरकडून थेट मागवून, बघितलं. २००, म्हणजे ‘आहे’. नॅरइन्फो समोर, शेवटच्या ओळीत आमच्या कीची, म्हणजे किल्लीची, सही. तिच्या मशीनला हवा असलेला हॅश आणि हा, अक्षर न् अक्षर सारखा. तरी ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न करता काय करणार ते नुसतं सांगणारी फेरी) म्हणतंय, ‘बांधणार’.

मी ठामपणे म्हणालो, "तुझ्या सेटिंगच्या फाइलमधली की चुकली असणार." सही ओळखीची नसेल तर निक्स ते पॅकेज बाजूला सारतं आणि सोर्सकडे वळतं, त्यामुळे शंका अगदीच हवेतली नव्हती. या तक्रारीसाठी मी एक पानही लिहून ठेवलंय: आधी की तपासा, मग डीमन (मागे सतत चालू असलेला निक्सचा प्रोग्रॅम) रिस्टार्ट, मग वायफाय सोडून केबल लावा, मग रेपो नव्याने क्लोन करा. तेच पान उघडून ओळीने सगळं केलं. शेवटी पुन्हा कीपाशी आलो. ओळीच्या शेवटी एक फालतू स्पेस दिसली, ती काढली, डीमन पुन्हा चालू केला. सव्वादहा झाले होते. ड्राय-रन म्हणालं, ‘उतरवणार’.

"बघ," मी म्हणालो. "की."

ती म्हणाली, "पण दादा, की तर तीच आहे ना?"

तिने कॉन्फची, म्हणजे त्या सेटिंगच्या फाइलची, जुनी प्रत ठेवली होती. (माझ्या बरोबरीच्या एकालाही हे सुचत नाही.) ती स्पेससकट परत जागेवर ठेवली, डीमन रिस्टार्ट केला आणि मगच डाउनलोड सुरू केलं. सुरळीत उतरलं.

"निक्स आधीचं उत्तर लक्षात ठेवतं का? मी सव्वानऊच्या आधीच चालवलं होतं. तेव्हा ते तिथे नव्हतंच."

लक्षात ठेवतं. मला माहीत असायला हवं होतं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. ‘आहे’ हे उत्तर निक्स तीस दिवस धरून ठेवतं आणि ‘नाही’ हे ३६०० सेकंद. कर्लला स्मरणशक्ती नाही, म्हणून तो दर वेळी खरं बोलत होता.

तरी तिने प्रयोग केलाच. ‘हॅलो’ पॅकेजचं नाव जरा बदललं, लॅपटॉपवरून कॅशला विचारलं, नाही म्हणाली. मग मी ते बिल्ड मशीनवर बांधून कॅशवर चढवलं. कर्ल: २००. निक्स: बांधणार. ही उत्तरं निक्स लॅपटॉपवरच, रूट यूजरच्या कॅश फोल्डरमध्ये, एसक्यूलाइटच्या (छोट्या डेटाबेसच्या) फाइलीत ठेवतं. ती उघडली तर त्या हॅशसमोर ‘प्रेझेंट’च्या रकान्यात शून्य, आणि शेजारी तिने विचारल्याची वेळ, सेकंदासकट. फोनवर तासाचा टायमर लावला. टायमर वाजेपर्यंत ‘बांधणार’, वाजल्यावर ‘उतरवणार’. मध्ये कुणी कशाला हात लावला नव्हता.

ऑफिसातल्या मशीनवर आता ‘नाही’ धरून ठेवायची मुदत, म्हणजे निगेटिव्ह टीटीएल, शून्य केलाय. त्याने कॅशला विनाकारण विचारणा वाढतात, अधिकृत कॅशलासुद्धा, आणि ते मला पटलेलं नाही. बिल्ड पूर्ण झाल्याशिवाय नवी आवृत्ती मर्जच होऊ द्यायची नाही, हा खरा इलाज. त्यावर मीटिंगा चालू आहेत, म्हणजे होईल तेव्हा होईल.

माझं पान काढून टाकायला बसलो तेव्हा त्यातली प्रत्येक पायरी कुणा ना कुणाला ‘लागू पडल्याचं’ खाली लिहिलेलं दिसलं. चारही पायऱ्या नीट करायच्या तर तास जातोच. "जेवून ये, मग बघू" असं मी किती जणांना म्हटलं असेन, आणि जेवून आल्यावर ते चाललं की मनात म्हणायचो, यानेच काहीतरी घोळ घातला असणार.

एकाला तर मी अख्खं मशीन फॉर्मॅट करायला लावलं होतं. दीड दिवस गेला बिचाऱ्याचा. आणि ते चाललं, कारण फॉर्मॅटमध्ये ती एसक्यूलाइटची फाइलही गेली; तासभर नुसता थांबला असता तरी चाललं असतं. त्याने पानाखाली "थँक्स दादा" लिहिलंय. तो आता दुसऱ्या कंपनीत आहे. त्याला मेसेज टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.