खापर, माडी आणि निळी बादली

रविवार, रात्र

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू ठेवलं की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा येतात. त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं विषय ठेवा, असं जो तो सांगतो. ठीक आहे. मला त्यांचा जास्त उपयोग होतो तो ओट्याची कड नि दाराची चौकट कलली नाही ना, हे बघायला.

सकाळी गल्ली नंबर चारमध्ये गेलो. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं, आखीव पेठ वसवली. म्हणून आमच्या गल्ल्या अशा सरळसोट. मधोमध उभं राहिलं की दोन्हीकडचे ओटे, गटारी, विजेच्या तारा, सगळं एकाच टोकाकडे धावतं. पण त्या टोकाला काहीतरी हवं. दूधवाल्याची सायकल येईपर्यंत थांबलो, तेव्हा फोटोत जीव आला.

एका जुन्या माडीनं मात्र दमवलं. खालून मोबाइल वर केला की घर मागं रेललेलं दिसतं, खांब वर निमुळते होतात. समोरच्यांना विचारून त्यांच्या जिन्यावर अर्ध्यात उभा राहिलो, मोबाइल सरळ धरला. खांब ताठ झाले. वाईड लेन्सनं सगळं मावतं खरं, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात. मला ते मुळीच आवडत नाही.

दुपारी मांडे होते. ते आटोपल्यावर चुलीवर पालथं घातलेलं, मांडे भाजायचं मातीचं खापर निवत होतं. वरून काढलं तर नुसती काळी थाळी. मोबाइल जमिनीलगत नेला, तेव्हा कुठं त्याचा घुमट दिसला. ऊन तिरपं व्हायला चार वाजले. मग काठाचा टवका, काजळीवरचे ओरखडे, चिकटून करपलेला कणकेचा पापुद्रा, एकेक उठून आलं. भर दुपारच्या उन्हात यातलं काहीच दिसलं नसतं. चौकटीतून आधी निळी बादली हलवली, मग तेलाचा डबा, मग माझीच चप्पल. उरलं खापर आणि मागची सारवलेली भिंत. ती अर्धी चौकट मोकळी ठेवायला धीर लागतो. हात आपसूक तिथं काहीतरी ठेवायला जातो.

आजी बघत होती. म्हणाली, "त्या खापरना काय फोटू काढस रे? मना काढ!"

तिला दारात बसवलं, दाराचीच चौकट झाली. ती उजवीकडे बघत होती, म्हणून त्या बाजूला जागा जास्त सोडली. पदर सावरून ताठ बसली तेव्हाचे फोटो आधार कार्डासारखे आले. चांगला आला तो, मांजराला हाकलताना.

चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस (1912–1989) यांची आठवण येतेच अशा वेळी. वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ न पडलेला हा माणूस, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खी दृश्यं उभी करायचा. स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. पुढच्या महिन्यात तिकडं लग्नाला जायचंय, तेव्हा दुपारच्या पंगतीतून सटकून तिथं जाईन. भिंतीवरचे फोटो तर बघायचेच, पण त्या खोल्यांत उजेड कोणत्या खिडकीतून येतो, तेही बघायचंय.