ध चा मा

आम्हां मुलांपासून काही लपवायचं असलं की आई आणि मावशी च च्या भाषेत बोलायच्या. "चाडूल चबाड चळीवरफ." लाडू, डबा, फळीवर. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं, त्याच्या जागी च बसवायचा. काना-मात्रा तिथल्या तिथेच. हे गुपित मी दुसरीत जाईपर्यंत टिकलं. मग एका दुपारी डबा रिकामा निघाला आणि दोघी बहिणींना नवी फळी शोधावी लागली. नवी भाषा मात्र त्यांनी शोधली नाही. बहुधा आम्हांला कळतंय हे त्यांनाही कळत असावं.

हे सगळं आठवलं ते परवा. शेजारच्या बाई एका मराठी शाळेत शिकवतात. "रिटायर झालात ना, मग एक शनिवार या आमच्या सातवीवर. काहीतरी वेगळं सांगा," म्हणाल्या. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईकडे वेगळं काय असणार? व्याजाचं गणित सांगितलं असतं तर मुलांनी मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. म्हणून गुप्त लिपी घ्यायची ठरवली.

"च ची भाषा कोणाकोणाला येते?" म्हटल्यावर अर्ध्या वर्गाचे हात वर. "मग ती गुप्त कशी?" यावर जरा शांतता. शेवटी मागून आवाज आला, "बाई, रिक्षावाल्या काकांना येत नाही ना." उत्तर चुकीचं नव्हतं. पण युक्ती कळली की खेळ संपला, ही त्या भाषेची खोट. युक्ती सगळ्या गावाला माहीत असूनही चिठ्ठी वाचता येऊ नये, यासाठी एक किल्ली लागते. रोमचा ज्युलियस सीझर प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवून लिहायचा. त्यातलं सरकवणं ही युक्ती, तीन ही किल्ली.

फळ्यावर वर्णमाला लिहिली. ए-बी-सी बिचारी नुसती रांगेत उभी असते. आपल्याकडे कंठापासून ओठांपर्यंत पाच-पाचाचे कप्पे. म्हणून तर आपल्याकडे करपल्लवी, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, जमली. हाताचं कमळ केलं की क वर्ग, चक्र केलं की च वर्ग, टंकार केला की ट वर्ग, आणि मग बोटं दाखवून त्या वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं. दोन मिनिटं सगळा वर्ग कमळं फुलवत बसला.

क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं झाली. "क्ष, ज्ञ कुठे गेले?" यावर एक छोटं भांडण झालं. ती जोडाक्षरं आहेत म्हणून त्यांना बाहेर बसवलं. स्वर आणि काना-मात्रा आहेत तशा ठेवायच्या, व्यंजन तेवढं तीन घरं पुढे. पाणी चं झालं भादी. बाई चं याई. ख वर ङ येतो म्हटल्यावर खिडकी कशी लिहायची यावर पुन्हा दंगा. ङ ला वेलांटी देण्याचा प्रसंग त्याच्याही आयुष्यात पहिलाच असावा.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला मी फळ्याशी बोलावलं आणि म्हटलं, "शाळा लिही बघू." तिने बोटांवर मोजलं. श, ष, स, ह. ह लिहिला, काना दिला. ळ नंतर परत पहिल्यापासून: क, ख, ग. ग लिहिला, काना दिला. मग दोन पावलं मागे सरकून तिने स्वतःच वाचलं आणि ओढणी तोंडावर घेऊन खाली बसली.

मला आधी घरी करून बघायला नको होतं का? वर्ग अक्षरशः बाकांवर कोसळला. वर्गशिक्षिका मागे हजेरीपट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हजेरीपट तोंडासमोर धरला आणि तो बराच वेळ हलत होता. मी डस्टर उचललं तर एकमुखाने ओरड: "बाई, पुसू नका!" मधल्या सुट्टीपर्यंत सीझरची युक्ती पाचवीपासून दहावीपर्यंत पोचली होती म्हणे. इतक्या वेगाने बँकेचं एकही परिपत्रक फिरलेलं मी पाहिलं नाही.

हसू ओसरल्यावर फळ्यावर पाच ओळींचा एक गुप्त मजकूर लिहिला, किल्ली न सांगता. माझी अपेक्षा होती, मुलं एकेक किल्ली लावून बघतील. किल्ल्या तेहतीस, पट चाळीसचा. एकेकाला एकेक वाटून दिली तरी काम झालं असतं. पण वेण्यांच्या त्याच मुलीने हात वर केला. "बाई, प्रत्येक ओळीच्या शेवटी आथे आहे. म्हणजे ते आहे असणार."

मी बघतच राहिले. मराठी माणूस काहीही लपवेल, वाक्याच्या शेवटचं आहे कसं लपवणार? ह चा थ झाला असेल तर किल्ली अठरा, आणि उरलेला मजकूर तिने वाचूनच दाखवला. बगदादच्या अल-किंदी या पंडिताने नवव्या शतकात हेच लिहून ठेवलं: कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, वेष बदलला तरी चाल बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे एनिग्मा या गुप्तलेखन यंत्रावरचे संदेश फोडताना रोजच्या हवामानाच्या साचेबंद अहवालांचा असाच आधार मिळाला. आमच्या सातवी ब ला आहे पुरलं.

"मग न फुटणारं काहीच नाही?" एकाने जरा नाराजीने विचारलं. तेव्हा पानिपताचं पत्र सांगितलं. जानेवारी 1761. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी पत्रातला मजकूर पडला: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. इथे एकही अक्षर सरकवलेलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, खरंच कोणाच्या मोहरा हरवल्या असत्या तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही.

शेवटची दहा मिनिटं मी माझ्या हक्काच्या विषयावर आले. लपवणं हा अर्धाच भाग, आलेल्या पत्रात कोणी हात घातला नाही ना हे ओळखणं हा दुसरा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी. चेकवर आपण पाच हजार फक्त लिहितो त्यातलं फक्त हे गरिबाचं मोर्तबच. त्या एका शब्दापायी मी किती चेक परत केले असतील, आणि काउंटरपलीकडच्या किती लोकांनी मनात मला काय काय म्हटलं असेल! आधार क्रमांकातला बारावा आकडाही असाच पहारेकरी. तो आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की हिशेब जुळत नाही.

आणि मोर्तब नसलं तर काय होतं? ते सांगावं लागलं नाही, चार-पाच जण एकदम म्हणाले, "ध चा मा!" 1773 साल, शनिवारवाडा, नारायणराव. पत्रात धरावे होतं, त्याचं मारावे केलं आणि ते आनंदीबाईंनी केलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. खरंखोटं इतिहासकार जाणोत, म्हण मात्र पक्की बसली. मी आनंदीबाईंची थोडी बाजू घेणार, एवढ्यात खिडकीजवळचा, तासभर बाहेरच बघत बसलेला मुलगा बोटं मोडत मोजू लागला. ध, न, प, फ, ब, भ, म. "बाई, सहाची किल्ली आहे!"

अडीचशे वर्षांत हे आणखी कोणी मोजलं असेल का, कोण जाणे. मी तरी नव्हतं मोजलं.

निघताना दारात वेण्यांची मुलगी आली. दुमडून दुमडून शेंगदाण्याएवढी केलेली चिठ्ठी हातात कोंबली आणि पळाली. बसमध्ये उघडली. वर लिहिलं होतं, "वाई रहफ सा." वाईचं काय, मला काही कळेना. सवयीने तीन घरं मागे जाऊन पाहिलं, तर याई निघालं आणि पुढे सगळा गोंधळ. मग चिठ्ठी उलटली. मागे बारीक अक्षरात होतं, "ध चा मा." शेजारच्या सीटवरच्या बाईंनी माझ्या पुटपुटण्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी जवळ ओढून घेतली. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून बोटांवर उलटं मोजायला लागले. व, ल, र, य...