फोन वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोथरूडच्या भाजीवाल्यापासून नणंदेच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न हाच असतो : "आता फोन सगळं वाचून दाखवतो की! मग अंध मुलांना ती टिंबं कशाला शिकवता?" मी मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये आणायच्या कामात मदत करते. सुरुवातीची दोनतीन वर्षं मलाही या प्रश्नावर धड बोलता यायचं नाही.

उत्तर मिळालं ते आठवीतल्या एका मुलीमुळे. लहानपणापासून फोनवर धडे ऐकणारी, ब्रेलला हात न लावलेली. वक्तृत्वाच्या ढाली घरात मावत नव्हत्या. एकदा तिने कीबोर्डवर निबंध लिहिला, त्यात 'दिनदुबळे' होतं. म्हटलं, "अगं, यातला दीन दीर्घ." ती थांबली. "काकू, म्हणजे शिक्षक दिनातला दिन वेगळा?"

दोन्ही शब्द तिने शेकडो वेळा ऐकले होते, पण ते लिहितात कसे हे तिला कधी कळलंच नव्हतं. कानाला कसं कळणार? अस्सल पुणेरी माणूस तरी बोलताना ऱ्हस्वदीर्घ पाळतो का? (पाळतो म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.)

ब्रेलमध्ये हे बोटाला कळतं. प्रत्येक अक्षराचं घर सहा उठावदार टिंबांचं : डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये इ म्हणजे 2 आणि 4, ई म्हणजे 3 आणि 5. तीच तिरपी जोडी, फक्त एक पायरी खाली. पायरी उतरली की दिनाचा दीन होतो. शिवाय छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये मात्र ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. मला तर हेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

ब्रेलच्या पाटीवर कागद धरून टोच्याने लिहायचं ते मात्र उलटं. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. पहिल्या आठवड्यात मी इ सुलटीच टोचली. आरशात इची ए होते, त्यामुळे माझा 'दिन' उलटल्यावर 'देन' निघाला. मुली पोट धरून हसल्या.

फोनशी माझं भांडण नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहासाचे चार धडे ऐकून काढावेत, त्यात काही बिघडत नाही. पण वाचायला ब्रेलमध्ये काही हवं ना! 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक 2008 साली निघालं, तेव्हा कुठे रोजच्या घडामोडी बोटाखाली आल्या. पुस्तकांचं म्हणाल, तर कायदा आड येत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर अंधांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये करायला कॉपीराइटची वेगळी परवानगी लागत नाही. आड येतो तो फॉन्ट. जुन्या फॉन्टमधली फाइल डोळ्याला मराठी दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची भेळ असते. ब्रेलचं सॉफ्टवेअर त्यातून काहीबाही काढतं. मग युनिकोडमध्ये सगळं पुन्हा टाइप करा. पुस्तक तयार झालं तरी एकाचे तीन जाडजूड खंड. ते आडवे रचले तर टिंबं दबतात आणि पावसाळ्यात कागद सादळतो, म्हणून घरातलं सगळ्यात कोरडं कपाट आता त्यांचं आहे. आमच्या साड्या माळ्यावर.

ती मुलगी उशिरा ब्रेल शिकली. बोट अडखळायचं, चिडायची, पाटी ढकलून द्यायची. आता बारावीला आहे आणि शनिवारी आमच्याकडे मुद्रितं तपासायला येते. मी छापील प्रत धरते, ती ब्रेल वाचते. परवा एका ओळीवर तिचं बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"काकू, 'परीक्षा' तुम्ही टाइप केलीत ना? वेलांटी वर चढलीये."