सात मात्रा, तेरा मात्रा

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक आणि ताल बदलत जाणाऱ्या रचनांचे रॉक संगीत, हे गाण्याच्या नावाखाली मांडलेले गणित, अशी तक्रार आमच्या ठाण्यातही ऐकू येते, आणि ती करणाऱ्यांत लहानपणी नौपाड्यात तबल्याच्या क्लासला जाऊन आलेली मंडळीही असतात, याचे मला नवल वाटते. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘मनी’ या गाण्यातला नाण्यांचा खणखणाट आणि त्यामागून येणारी बेस गिटार, दोन्ही सात मात्रांत चालतात. ज्याच्या हातात सात मात्रांच्या रूपक तालाचे ‘तिं तिं ना, धी ना, धी ना’ बसलेले आहे, त्याने तिथे अडखळण्याचे कारण नाही. उलट गिटारचा सोलो सुरू होताच हेच गाणे चार मात्रांवर येते, तेव्हा आपल्या कानाला खरा धक्का बसायला हवा, कारण बंदिशीचा ताल असा मध्येच बदलण्याची आपल्याला सवय नाही.

मात्रा मोजण्याची हौस मात्र लवकर फिटते. मला या संगीताने धरून ठेवले ते त्यातल्या धीराने, आणि त्यासाठी किंग क्रिम्झन या बँडच्या ‘रेड’ (१९७४) या अल्बममधले ‘स्टारलेस’ ऐकावे. ते साधारण बारा मिनिटांचे आहे. वाशीच्या गाडीत ऐरोलीला लावले, तर तुर्भे येईतो होते. सुरुवातीला मेलोट्रॉनचा, किंचित थरथरणारा स्वर येतो. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो आठेक सेकंदांत संपतो, त्यामुळे स्वर हवा तेवढा लांबवता येत नाही. त्यावर गिटार एक उदास धून वाजवते आणि जॉन वेटन गातो. मग गाणे जवळजवळ थांबते, बेस तेरा मात्रांचे आवर्तन धरते आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप एकच स्वर दोन तारांवर आळीपाळीने छेडत राहतो. तो स्वर इतक्या सावकाश वर सरकतो की नव्या श्रोत्याला रेकॉर्ड अडकल्याची शंका यावी. बिल ब्रुफर्डचे ड्रम्स, आधी नुसती टकटक करणारे, हळूहळू अंगावर येतात. लय एकदम दुप्पट होते, सॅक्सोफोन घुसतो, आणि या सगळ्या गदारोळातून सुरुवातीची धून परत येते, या वेळी सॅक्सोफोनवर. पहिल्या मिनिटाला ती नुसती सुंदर वाटली होती. आता ती कमावलेली असते. ही धून गाण्यातून वेगळी काढून ऐकवली, तर तिच्यात विशेष काय, असेच कोणीही म्हणेल.

हा अल्बम बाजारात येण्याआधीच फ्रिपने बँड मोडला होता. त्याच ब्रुफर्डने १९७२ मध्ये, ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम पूर्ण होताच, ‘येस’ हा बँड सोडून क्रिम्झनची वाट धरली होती. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. ‘येस’पासून सुरुवात करायची असल्यास तोच अल्बम घ्यावा. त्यानंतरच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’मध्ये दोन रेकॉर्डच्या चार बाजूंना मिळून चारच गाणी आहेत, आणि ती एका बैठकीत ऐकणे माझ्यासारख्या चाहत्यालाही जमत नाही.