पाच मिलिमीटर

परवा दुकानाचं शटर वर करतोय तोवर सर दारात. रिटायर्ड मास्तर, रोज सायकलवर यवतेश्वरचा घाट चढतात. म्हणाले, "अरे, चढाला उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक तिरकं होतंय, टायर डावीकडं घासतोय बघ."

क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक आवळायची लिव्हर दाबून बघितली, एकदम टाइट. इथंच फसायला होतं. सरांची फ्रेम जुनी, एक्सल बसायची खाच आडवी, म्हणजे पकड सुटली की चेन उजवी बाजू पुढं ओढणारच. चाक काढलं आणि खाचेच्या कडेला बघितलं तर रंग कोरा! स्क्यूअर म्हणजे पोकळ एक्सलमधून जाणारी लिव्हरची सळी, तिच्या नटाला दात असतात, ते फ्रेमच्या पत्र्यात रुतलेले दिसायला पाहिजेत, इथं ओरखडापण नाही.

व्हर्नियर लावला. लॉकनट ते लॉकनट, म्हणजे फ्रेमच्या दोन पत्र्यांमधलं अंतर, १३० मिलिमीटर, एक्सल १४६. म्हणजे दोन्हीकडं आठ-आठ मिलिमीटर बाहेर आणि पत्रा साडेसहाचा. लिव्हर आवळत होती ती एक्सलची टोकं, फ्रेम नाहीच. १३० ला १४१ चा एक्सल लागतो, टोक पत्र्याच्या मिलिमीटरभर आतच राहिलं पाहिजे. १४६ चा असतो तो १३५ च्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीचा, एमटीबीवाला (माउंटन बाइकचा). पण होलसेलवाले पाकिटावर नुसतं 'रिअर एक्सल' छापतात, लांबी लिहायला शाई महाग पडते बहुतेक.

कुणी बसवला हे विचारणार होतो, तेवढ्यात बेअरिंगचा कोन उघडला आणि आत हिरवं ग्रीस. साताऱ्यात दुसरं कोणी वापरत असेल तर माहीत नाही, मी वापरतो.

सर म्हणाले, "तूच बसवलास की, गणपतीच्या गर्दीत."

दोन्ही टोकांवर आधी नट चढवले, मग अडीच-अडीच मिलिमीटर करवतीनं कापलं, कानस मारली, नट उलटे फिरवून काढले की कापलेले आटे आपोआप साफ होतात. अर्ध्या तासात काम झालं. पैसे घेतले नाहीत, सर ठेवायला लागले तर रागावलोच उगाच. उतरताना सुटलं असतं तर, हे दोघंही बोललो नाही.

ते गेल्यावर पाकीट काढलं. पाच नग आणलेले, दोन शिल्लक. एक सरांचा. एक कॉलेजच्या पोराचा, त्याला लगेच फोन करून बोलावलं. पाचवा कुणाच्या सायकलला बसवला ते दोन दिवस आठवतोय, वहीत नुसतं 'एक्सल' लिहिलंय.