रस्ता बंद असतानाचा हिशेब

महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत आमचे घर आहे. घराच्या मागच्या अंगाला बँकेचे कर्ज काढून आम्ही पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. खालच्या पट्टीत स्ट्रॉबेरी, वर खोल्या, स्वयंपाक माझा आणि सासूबाईंचा, पाहुण्यांना जीपने आणणे-सोडणे यजमानांकडे, अशी आमची वाटणी. 22 जुलै 2021 च्या रात्री मागच्या ओढ्याने वाट बदलली आणि चारपैकी दोन खोल्यांत माती, दगड आणि पाणी शिरले. माणसांना काही झाले नाही. त्या रात्रीपासून दिवाळीत पहिला पाहुणा येईपर्यंत आम्ही पंचनामा, आगाऊ रकमांचा परतावा आणि विमा यांतून कसे गेलो, हे डोंगरात आमच्यासारखाच छोटा व्यवसाय करणारे अनेक जण अजून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे पावसाची भीती कुणाला वाटत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारी ही माणसे, भिंतींना गवताच्या झडी बांधून चार महिने निवांत बसतात. पण 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. याच जिल्ह्यातल्या माणदेशात अख्ख्या वर्षातही बहुधा एवढा पडत नाही. वर जांभ्याचा थर आणि त्याखाली मुरूम-माती अशी आमच्या डोंगरांची घडण आहे. हा मातीचा थर पाणी पिऊन फुगला की उतार स्वतःचे वजन पेलू शकत नाही, आणि रस्त्यासाठी पायथा कापलेला असेल तिथे तर आधी सुटतो. त्या दोन दिवसांत पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावे, वाई तालुक्यातली देवरुखवाडी आणि घाटाखाली महाड तालुक्यातले तळिये येथे दरडी घरांवर आल्या. त्या गावांपुढे आमच्या दोन खोल्या सांगायलाही संकोच वाटतो, आणि पुढे प्रत्येक कार्यालयाच्या दारात हा संकोच मला आडवा आला.

वीज आणि फोन दोन्ही गेले होते. तिसऱ्या दिवशी वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढून गेल्यावर जरा रेंज मिळाली, तेव्हा सांगलीच्या मावसभावाचा फोन आला. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी 45 फूट आहे), आणि त्या पाण्यात त्याचे दुकान बुडाले होते. सगळे सुखरूप आहेत ना, एवढे विचारून त्याने दुसरेच वाक्य टाकले : "ताई, फोटो काढल्याशिवाय चिखलाला हात लावू नकोस." पाणी ओसरल्यावर त्याने पहिल्याच दिवशी दुकान धुऊन काढले होते, आणि मग विम्याच्या माणसाला दाखवायला त्याच्याकडे स्वच्छ फरशीशिवाय काही उरले नव्हते.

म्हणून सासूबाईंची बोलणी खात आम्ही दोन्ही खोल्या तशाच ठेवल्या. मी दारापासून आत फोटो काढत गेले : आधी चौकट आणि खोलीचा क्रमांक दिसेल असा लांबचा, मग प्रत्येक वस्तूचा जवळचा. भिंतीवर तांबड्या मातीची रेघ उमटली होती. तिला शिंप्याची टेप लावली तेव्हा ती 3 फूट 4 इंच भरली, आणि टेपसकट तिचाही फोटो घेतला. पाणी प्यालेली गादी दोघांना उचलता येत नव्हती. बटणांच्या पाटीच्या भोकांत माती भरून वाळू लागली होती. गिझरवरचा अनुक्रमांक ओल्या फडक्याने पुसून काढला आणि तो वाचता येईल असा टिपला. पुढे या सगळ्या फोटोंत सर्वांत उपयोगी पडला तो हा अनुक्रमांकाचाच.

तलाठी सहाव्या दिवशी आले. रस्त्यावरची मोरी (पाणी जाण्यासाठीचा छोटा पूल) वाहून गेल्यामुळे शेवटचे अंतर ते चालतच आले होते. सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायक होते. घराचा, गोठ्याचा, स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या वाफ्यांचा पंचनामा सरळ झाला. खोल्यांपाशी आल्यावर तलाठी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, ह्या घरात धरू की दुकानात?" ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या नमुन्यात घर होते, दुकान होते, जनावरे होती, पीक होते. पाहुण्यांच्या खोल्यांना रकाना नव्हता. मी निवास व न्याहारी योजनेतल्या नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी ते नीट वाचले आणि शेऱ्यात त्याची नोंद घेतली. "भाऊसाहेब, शेऱ्यात लिहिल्याने पैसे मिळतात का?" असे मी विचारले, तेव्हा ते फक्त हसले. पंचनाम्याची प्रत मात्र मी त्याच वेळी मागितली आणि पंचांच्या सह्या झाल्यावर तिचा फोटो काढून घेतला. ती मागायला लाजू नये.

3 ऑगस्टला राज्य शासनाने 11,500 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, अंशतः पडझडीला टक्केवारीप्रमाणे 15 हजारांपासून 50 हजारांपर्यंत, दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के पण जास्तीत जास्त 50 हजार आणि टपरीधारकाला 10 हजारांपर्यंत अशी तरतूद होती. आमच्याकडे दुकानाचा परवाना नव्हता, त्यामुळे खोल्या घरात धरल्या गेल्या आणि पडझडीचे 15 हजार खात्यात आले. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण भिंत पडली तर भिंतीचे पैसे मिळतात, हे मला समजते. पण आमचे खरे नुकसान भिंतीत नव्हतेच. उरलेल्या दोन खोल्या कोरड्या होत्या, चादरी घडी करून ठेवलेल्या होत्या, आणि तरीही साडेतीन महिने तिथे कुणी झोपले नाही. पर्यटनात रस्ता हाच कच्चा माल असतो. तो तुटला की धडधाकट खोलीसुद्धा नुकसानीत जाते, आणि हे नुकसान दिसत नसल्यामुळे त्याचा पंचनामा होत नाही. आमच्या शेजारच्या काकांचे एक कौलही फुटले नव्हते. त्यांना एक रुपया मिळाला नाही आणि त्यांचाही हंगाम पूर्ण बुडाला. तापोळ्याचे नाववाले, कणीस भाजणाऱ्या बायका, जीपवाले यांची गोष्ट वेगळी नाही.

15 ऑगस्टची जोडसुट्टी आणि सप्टेंबरमधला कासचा फुलांचा हंगाम धरून आमच्याकडे अकरा कुटुंबांची नोंदणी होती आणि 64 हजार रुपये आगाऊ आलेले होते. कोरोनाने आधीच 2020 आणि 2021 चे दोन्ही उन्हाळे नेले होते, त्यामुळे ते पैसे जुन्या उधाऱ्यांत केव्हाच विरघळले होते. बातम्या सुरू झाल्या तसे फोन येऊ लागले. "आंबेघरला दरड पडली म्हणे, म्हणजे तुमच्याकडेच ना?" आंबेघर पाटण तालुक्यात, आमच्यापासून कितीतरी खाली, आंबेनळी घाट आमच्या पलीकडे, महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावर, आणि तो खरोखरच जागोजागी खचला होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र सगळा सातारा एकाच चिखलाचा दिसत होता. कास तर सातारा शहराच्या अंगाला आहे, तिथले पठार जागच्या जागी होते, पण तिकडची कुटुंबेही रद्द करत होती. सुरुवातीला मी प्रत्येकाला नकाशा समजावत बसले. दोन-तीन दिवसांत कळले की घाबरलेल्या माणसाला भूगोल शिकवून उपयोग नसतो. त्याला आधी त्याचे पैसे परत हवे असतात.

ज्यांनी थेट आमच्याकडे नोंदणी केली होती त्या आठ कुटुंबांना, त्यांनी मागण्याआधी, मी पूर्ण रक्कम परत केली. त्यासाठी बचत गटातून 40 हजार उचलावे लागले आणि घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता, कारण "तारीख बदलून देऊ, पैसे कशाला?" असे यजमानांचे म्हणणे होते आणि ते चुकीचेही नव्हते. तीन कुटुंबे एका संकेतस्थळामार्फत आली होती. तिथे आम्ही आमच्या बाजूने नोंदणी रद्द केली असती तर आमचे स्थान यादीत खाली गेले असते. म्हणून रस्ता बंद असल्याच्या सूचनेची प्रत जोडून मी अर्ज केला. पाहुण्यांना पैसे लगेच मिळाले, आमची बाजू मान्य व्हायला पाच आठवडे लागले.

विम्याचा भाग सर्वांत किचकट होता, आणि त्यात आमची चूक होती. कर्ज देताना बँकेने खोल्यांचा विमा उतरवला होता आणि दरवर्षी हप्ता खात्यातून आपोआप कापला जात होता, म्हणून आम्ही पॉलिसीचा कागद कधी उघडूनच पाहिला नव्हता. मे 2021 मध्ये तिचे नूतनीकरण भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या नव्या पॉलिसीत झाले होते. आगीबरोबर पूर, वादळ आणि भूस्खलन तिच्यात येते, हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढच्या पानावर तो पुन्हा बाहेर आला. विमा फक्त इमारतीचा होता. गाद्या, पलंग, गिझर, इन्व्हर्टर यांपैकी कशाचाच नाही. आणि इमारतीची विमा रक्कम 12 लाख होती, म्हणजे बँकेला तिच्या कर्जापुरती पुरेशी.

विमा कंपनीने नेमलेले सर्वेक्षक आले ते अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी मातीची रेघ पुन्हा मोजली, माझ्या फोटोंशी पडताळली, बांधकामाची बिले मागितली. मग शांतपणे समजावले : "मॅडम, आज ह्या चार खोल्या नव्याने बांधायच्या तर 16 लाख लागतील. तुम्ही विमा 12 लाखांचा घेतलाय. म्हणजे चार आण्यांची जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवलीय." इमारतीचे नुकसान त्यांनी 2 लाख 40 हजार धरले. या पॉलिसीत मूल्यापेक्षा विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ते सोडून दिले जाते. आमचा पंचवीस टक्के कमी होता, त्यामुळे नुकसानीचेही तीन-चतुर्थांशच, म्हणजे 1 लाख 80 हजार, आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली वजावट. गिझरचा अनुक्रमांक इथे कामी आला नाही. तो कामी आला गिझरच्या कंपनीकडे; हमीकाळ चालू होता, आणि त्यांनी गिझर बदलून दिला. पाहुणे न आल्याने बुडालेल्या उत्पन्नाचे काय, हेही मी विचारले. त्यासाठी नफाहानीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि साधारणपणे तोही स्वतःच्या मालमत्तेला विमाकृत नुकसान झाले असेल तरच लागू होतो. दहा किलोमीटरवरचा रस्ता खचला म्हणून मिळत नाही. म्हणजे शेजारच्या काकांनी सगळे विमे काढले असते तरी त्यांच्या हाती शून्यच आले असते.

विमा कंपनीकडून पैसे यायला उशीर होऊ लागला. सर्वेक्षकाचा अहवाल मिळाल्यानंतर तीस दिवसांत निर्णय कळवणे तेव्हा कंपनीवर बंधनकारक होते, हे मावसभावाने सांगितल्यावर मी तेवढ्याच आशयाचे चार ओळींचे पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवले आणि पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाचा (विमा कंपनीविरुद्धची तक्रार जिथे नेता येते) उल्लेख शेवटच्या ओळीत केला. लोकपालांकडे जावे लागले नाही.

पैसे आल्यावर चारही खोल्या पूर्ववत करायच्या, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मी ओढ्याकडची शेवटची खोली बांधू दिली नाही. तिचा पाया काढून तिथून पाण्याला मोकळी वाट ठेवली आणि वरच्या बाजूला तारेच्या जाळीत दगड भरून भिंत घातली. या निर्णयाने वर्षाचे एक चतुर्थांश उत्पन्न कमी झाले. तो बरोबर होता की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सप्टेंबरपासून मी जुन्या पाहुण्यांना दर शुक्रवारी एक संदेश पाठवू लागले. त्यात निसर्गाचे वर्णन नसे. वाईहून पसरणी घाट चालू आहे, मेढ्याकडून केळघर घाटाने येऊ नका, आमच्या रस्त्यावर मोरीपर्यंत लहान गाडी येते, पुढे आमची जीप नेईल, प्रतापगडाची चौकशी निघण्याआधी करा, एवढेच. एका शुक्रवारी "या आठवड्यात येऊ नये" असेही लिहिले. आमच्या धंद्यातल्या एका ओळखीच्याने यावर चांगलेच सुनावले, की आपणच आपले गिऱ्हाईक पळवतो आहोत. पण दिवाळीला नोंदणी केलेल्या पाच कुटुंबांपैकी तिघांनी त्या "येऊ नये"चाच उल्लेख केला.

लक्ष्मीपूजनानंतर दुसऱ्या दिवशी पुण्याचे एक कुटुंब आले. गाडी मोरीपाशी लावून जीपमधून उतरल्यावर आजोबांनी चहाही घेतला नाही. आधी विचारले, पाणी कुठवर आले होते. नवा रंग देताना यजमानांनी कपाटामागचा हातभर भाग मुद्दाम तसाच सोडला होता. आम्ही दोघांनी कपाट सरकवले. आजोबांनी खाली वाकून ती तांबडी रेघ पाहिली, तिच्यावर बोट फिरवले, बोटाला काही लागत नाही हे पाहिले, आणि मग नातवाला हाक मारून म्हणाले, "तुझ्या छातीपर्यंत रे." त्या रात्री ते त्याच खोलीत झोपले.